संहत, कडक, कॉन्सन्ट्रेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान शिकणारी मुलं, द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार, घरी सरबतं करणाऱ्या गृहिणी, घरात आजारी माणूस असलेले लोक असे सगळेच प्रश्न पाठवतात. बाटलीतलं किती कडक आहे आणि त्यात पाणी किती घालायचं, इथेच बहुतेकांची गाडी अडते. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘संहत’ म्हणजे नेमकं काय? दाट असेल ते संहत का?

ठरावीक मापाच्या द्रावणात विरघळलेला पदार्थ जास्त असेल तर ते संहत, कमी असेल तर विरल. हे किती जास्त-कमी आहे ते सांगणारा आकडा म्हणजे संहती. दुकानात आणि शेतात यालाच कडक, स्ट्राँग किंवा कॉन्सन्ट्रेट म्हणतात. संहती आणि एकूण मात्रा यांची गल्लत करू नका. दोन चमचे साखर पेल्यात घातली काय आणि कळशीत घातली काय, साखर तेवढीच राहते. संहती मात्र बदलते.

दाटपणाचा याच्याशी संबंध नाही. संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यासारखं वाहतं. संडास साफ करायचं द्रव चांगलं दाट असतं, पण त्यात तेच ॲसिड साधारण १० टक्केच असतं. भांड्याच्या कडेला चिकटून राहावं म्हणून त्यात दाटपणा आणणारा पदार्थ वेगळा घातलेला असतो.

२. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर नुसतं ‘संहत’ लिहिलेलं असतं. मग आकडा किती धरायचा?

प्रत्येक रसायनाचा आकडा वेगळा. बाजारात मिळणारं संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण ३७ टक्के, नायट्रिक ६८ ते ७०, सल्फ्युरिक ९८ आणि अमोनियाचं द्रावण २५ ते २८ टक्के. हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू. ३७ टक्क्यांच्या पुढे तो पाण्यात नीट टिकत नाही, झाकण उघडताच पांढरा धूर होऊन निघतो. त्यामुळे ‘संहत ॲसिड १० मिली घ्या’ असं कोणी सांगितलं, तर कोणतं ॲसिड हे आधी विचारा.

३. टक्के, पीपीएम, ग्रॅम प्रति लिटर यांचा मेळ कसा घालायचा?

पाण्यातल्या विरल द्रावणांसाठी एवढं पुरतं: १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, आणि म्हणून १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. विद्राव्य खताची ०.५ टक्क्याची फवारणी सांगितली, की लिटरला ५ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम.

संहत द्रव असेल तर मात्र हा हिशेब चुकतो. टक्के वजनाचे आहेत की मापाचे, हे तिथे पाहावंच लागतं. उदाहरण प्रश्न ८ मध्ये आहे.

४. १० टक्क्यांच्या द्रावणाचं १ टक्का करायचं तर दहापट पाणी घालायचं ना?

नाही, नऊपट. एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी मिळून दहा भाग होतात. ‘दहापट विरल’ आणि ‘दहापट पाणी’ यांत एका भागाचा फरक आहे. फरशी पुसताना तो दिसत नाही, औषधात दिसतो.

सूत्र एकच: असलेले टक्के गुणिले घ्यायचं माप = हवे असलेले टक्के गुणिले तयार द्रावणाचं एकूण माप. ५ टक्के हायपोक्लोराइटपासून (म्हणजे बाटलीतल्या ब्लीचपासून) १ लिटर १ टक्क्याचं हवं असेल, तर १००० भागिले ५, म्हणजे २०० मिली घ्या आणि पाणी घालून एकूण १ लिटर करा. लेबलवर ‘१:१०’ असेल तर ते औषध आणि पाण्याचं प्रमाण आहे की औषध आणि एकूण द्रावणाचं, हे कंपनीने लिहायला हवं. बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, आणि ही कंपन्यांची ढिलाई आहे.

५. ॲसिड पाण्यात घालायचं की पाणी ॲसिडमध्ये?

ॲसिड पाण्यात, थोडं थोडं, ढवळत. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात मिसळताना खूप उष्णता निघते. ॲसिडमध्ये पाणी ओतलं, तर पाणी हलकं असल्याने वरच राहतं, जागच्या जागी उकळतं आणि ॲसिडसकट अंगावर उडतं. उलट केलं तर ती उष्णता भरपूर पाण्यात वाटली जाते.

६. तीव्र ॲसिड आणि संहत ॲसिड एकच का? परीक्षेत दोन्ही शब्द येतात.

एक नाहीत. ॲसिडचे रेणू पाण्यात किती प्रमाणात आयनांत फुटतात यावर तीव्र की सौम्य ते ठरतं. तो त्या पदार्थाचा स्वभाव आहे, पाणी घालून बदलत नाही. संहत की विरल हे आपण किती पाणी घातलं यावर ठरतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड तीव्रच, मग ते ०.१ टक्का का असेना. ॲसेटिक ॲसिड सौम्यच, मग ते ९९ टक्के का असेना. दोन्हींची ०.१ मोलार (लिटरला ०.१ मोल, म्हणजे रेणूंची संख्या सारखी) द्रावणं घेतली तर हायड्रोक्लोरिकचा पीएच १ येतो, ॲसेटिकचा २.९ च्या आसपास.

आता यातली अडचण. ‘सौम्य’ वाचून ९९ टक्के ॲसेटिक ॲसिड हाताळायला जाऊ नका, त्वचा भाजते. त्याला ग्लेशियल म्हणतात, कारण ते १६.६ अंश सेल्सिअसला गोठतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटलीत त्याचे खडे झालेले दिसले तर ते खराब झालेलं नाही. आणखी एक: कारखान्याच्या प्रतीचं ॲसेटिक ॲसिड पाण्यात मिसळून घरी व्हिनेगर करायचा सल्ला फिरत असतो. खाण्याच्या प्रतीचं नसेल तर तो अजिबात मानू नका.

७. जितकं कडक तितकं जास्त गुणकारी, हे तरी खरं ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीने होतं.

जंतू मारायला ९५ टक्क्यांपेक्षा ७० टक्के अल्कोहोल चांगलं. जंतूंमधली प्रथिनं विस्कटायला पाणी लागतं. पाणी फार कमी असेल तर ते काम नीट होत नाही, शिवाय अल्कोहोल लवकर उडून जातं. म्हणजे इथे पाणी ही भेसळ नव्हे, औषधाचा भाग आहे.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, तर विचारूच नका. लिटरभर पाण्यासाठीची पुडी ‘पोराला अशक्तपणा आलाय, जरा स्ट्राँग देऊ’ म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घातली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. अर्ध्या लिटरमध्ये ते १५० होतं, म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तातल्या १३५ ते १४५ पेक्षाही जास्त. असं पाणी शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं आणि जुलाब वाढू शकतात. बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढलं तर झटके येण्यापर्यंत वेळ जाते. छोट्या पुड्या २०० मिलीच्याही मिळतात, म्हणून पुडीवरचं माप वाचा. पेला कोणता घ्यायचा ते पुडी ठरवते. चवीसाठी वरून साखर किंवा सरबत घालणं हेही द्रावण संहत करणंच आहे. बाळाच्या डब्याच्या दुधाच्या पावडरीला हाच नियम: डब्यातला चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही.

८. एका कीटकनाशकावर १७.८ एसएल असतं. हा असला अपूर्णांक कुठून येतो? आणि ईसी, एससी म्हणजे काय?

हे इमिडाक्लोप्रिड. त्याच्या एका लिटरमध्ये २०० ग्रॅम मूळ औषध असतं. पण ते द्रव पाण्यापेक्षा जड, एक लिटरचं वजन साधारण १ किलो १२० ग्रॅम. २०० ला त्याने भागलं की वजनाने १७.८ टक्के येतात. आकडे दोन, माल तोच.

याच औषधाचं ३०.५ टक्के एससीही मिळतं. त्यात लिटरला ३५० ग्रॅम. १७.८ ची शिफारस असलेली मात्रा तेवढ्याच मिलीत ३०.५ मधून घेतली, तर पावणेदोनपट औषध जातं. दुकानदाराने ‘तेच आहे, जरा भारी’ म्हणून दुसरी बाटली दिली की हे हमखास होतं. शिफारस नेहमी टक्के आणि अक्षरं यांच्यासकट लिहून घ्या.

अक्षरांबद्दल थोडक्यात. ईसी पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं, त्यात औषध तेलकट द्रावकात विरघळलेलं असतं. एससीमध्ये औषधाचे बारीक कण तरंगत असतात, म्हणून बाटली हलवूनच माप घ्या. न हलवता ओतलं तर वरचं विरल आणि तळचं संहत निघतं. एसएल सरळ पाण्यात विरघळतं. डब्ल्यूपी ही पाण्यात मिसळायची भुकटी.

लेबलवरच्या रंगीत त्रिकोणाचा या टक्क्यांशी थेट संबंध नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम विषारीपणाचा आहे, लाल सर्वांत घातक. ५ टक्क्यांची बाटली ५० टक्क्यांच्या बाटलीपेक्षा जास्त विषारी असू शकते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा तोंडाला रुमाल बांधण्याची झाली. तो हवाच. पण मूळ संहत औषध हाताशी येतं ते बाटली उघडून माप घेताना आणि पंपात मिसळताना. हातमोजे आणि चष्मा त्या पाच मिनिटांतही घाला. काडीने ढवळायचं, हाताने नाही.

९. पॉवर पंपाला औषध तिप्पट घ्यायचं असं सांगतात. बॅटरीवरच्या पंपालाही तिप्पट का?

नाही. तिप्पट मात्रेची शिफारस पाठीवरच्या पेट्रोल इंजिनच्या, हवेच्या झोताने तुषार उडवणाऱ्या पंपासाठी आहे. त्या पंपाने एकरी पाणी खूपच कमी लागतं. औषध एकरी तेवढंच पडायला हवं, म्हणून पंपातलं द्रावण जास्त संहत करतात. बॅटरीचा पंप पाठीवर असतो आणि हाताने दांडा मारावा लागत नाही एवढंच, बाकी तो साध्या पंपासारखा पाणी सोडतो. त्यात तिप्पट घातलं तर पानं करपतात आणि पैसेही जातात. खात्री हवी असेल तर नुसतं पाणी भरून दहा गुंठे फवारा, किती पाणी लागलं ते मोजा आणि चारने गुणा. हे एकरी पाणी.

१०. बोर्डो मिश्रण १ टक्का आणि बोर्डो पेस्ट १० टक्के. पेस्टच पातळ करून फवारली तर चालेल का?

चालत नाही, आणि कारण मजेशीर आहे. १ टक्क्याच्या मिश्रणाला मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १०० लिटर. पेस्टला तेवढंच मोरचूद आणि चुना, पाणी फक्त १० लिटर. हिशेबाने पाहिलं तर पेस्टमध्ये ९० लिटर पाणी ओतलं की झालं. पण संहत मोरचूद आणि संहत चुना एकत्र आले की जाड कण तयार होतात. नंतर कितीही पाणी घाला, ते बारीक होत नाहीत. तळाशी बसतात, नोझल तुंबवतात आणि पानावर सारखे पसरत नाहीत.

म्हणून आधी विरल करायचं, मग मिसळायचं. मोरचूद ५० लिटरमध्ये, चुना फोडून गाळून ५० लिटरमध्ये, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

इथला ‘१ टक्का’ हा मोरचुदाचा आहे, तांब्याचा नाही. मोरचुदात तांबं वजनाने चौथा हिस्सा, त्यामुळे फवाऱ्यात तांबं ०.२५ टक्का असतं. दुसऱ्या ताम्रयुक्त बुरशीनाशकाशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

११. गावच्या टाकीत टीसीएल किती टाकायचं? कधी वास येतो, कधी येतच नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टाकली, तर १.६५ ग्रॅम क्लोरीन म्हणजे १.६५ पीपीएम होतो. त्यातला काही पाण्यातली घाण खाऊन टाकते. उरतो तो शिल्लक क्लोरीन, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो किमान ०.२ पीपीएम असावा.

आकडा बिघडतो तो साठवणीत. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो. पावडर पांढरीच दिसते, वजन तेवढंच भरतं, काम होत नाही. म्हणून ग्रॅम मोजण्यावर न थांबता ओटी टेस्ट (शिल्लक क्लोरीनची चाचणी) करावी, आणि ती टाकीजवळ नव्हे, गावातल्या शेवटच्या नळाला. पावडर कोरडी टाकू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. पाणी सोडायच्या आधी अर्धा तास जाऊ द्या.

बाटलीतल्या हायपोक्लोराइटचंही हेच. ते उष्णतेने आणि उजेडाने विरल होत जातं. वर्षभर खिडकीत राहिलेल्या बाटलीवर छापलेले टक्के आता खरे नाहीत, आणि प्रश्न ४ मधला हिशेब तिला लागू करू नका.

१२. औषध तेच, मिलीही तेवढेच, तरी डोस चुकला असं डॉक्टर म्हणाले. कसं?

कारण एका मिलीत औषध किती, ते बाटलीगणिक बदलतं. लहान मुलांचं पॅरासिटामॉल ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असं मिळतं, ५ मिलीत २५० असंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत १ मिलीत १००. थेंबांची बाटली छोटी म्हणून ‘हलकी’ वाटते, प्रत्यक्षात तीच सर्वांत संहत. सिरपच्या सवयीने थेंबांतून ५ मिली दिलं तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम जातं.

इन्सुलिनमध्ये हा घोळ जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे कुप्यांमधलं इन्सुलिन बहुधा यू-४०, म्हणजे मिलीला ४० युनिट, आणि पेनमधलं यू-१०० असतं. सुयांची सिरिंजही वेगळी: लाल टोपीची यू-४० साठी, नारिंगी टोपीची यू-१०० साठी. यू-१०० इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर २५ युनिट जातात. उलट केलं तर १० ऐवजी ४. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने सिरिंजा आणल्या असतील तर वापरण्याआधी टोपीचा रंग आणि त्यावरचा आकडा पाहा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नका.

१३. अमृत कोकम महिनोन् महिने टिकतं, पण पाणी घातलेलं सरबत दुसऱ्या दिवशी आंबतं. असं का? आणि आगळही तसंच टिकतं का?

जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. अमृत कोकममध्ये साखर इतकी असते की पाणी तिनेच धरून ठेवलेलं असतं, जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. म्हणूनच जॅममध्ये विद्राव्य घनपदार्थ (मुख्यतः साखर) किमान ६५ टक्के असावेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पाणी घातलं की हे संरक्षण संपलं. मग ते साधं गोड पाणी आहे, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. स्क्वॅशमध्ये किमान मर्यादा ४० टक्केच आहे. एवढी साखर टिकवायला पुरत नाही, म्हणून त्यात परिरक्षक घालतात.

आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते, मीठ असतं. तत्त्व तेच. फक्त सोलकढी करताना आधी आगळाची चव घ्या आणि मग मीठ घाला, कारण प्रत्येक घरच्या आगळाचा खारटपणा निराळा. ओला चमचा बाटलीत घालू नये ही आजीची ताकीदही याच हिशेबातली: पाण्याच्या थेंबाने वरचा थर विरल होतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

१४. केसांच्या डायसोबतच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असतं. हे २० टक्के का?

नाही, ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. एक लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन सुटतो, असा त्याचा अर्थ. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२.

१५. इन्व्हर्टरच्या बॅटरीतली पातळी उतरली. ॲसिड घालायचं का?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. चार्जिंगमध्ये पाणी उडून जातं, सल्फ्युरिक ॲसिड आतच राहतं. म्हणजे उतरलेल्या पातळीत ॲसिड आधीच जास्त संहत झालेलं असतं. बॅटरी कलंडून ॲसिड सांडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मेकॅनिकला बोलवा.

१६. संपृक्त द्रावण म्हणजे सर्वांत संहत, बरोबर?

आणखी पदार्थ विरघळेनासा झाला की द्रावण संपृक्त. त्या पदार्थापुरतं, त्या तापमानाला, हो. पण संपृक्त द्रावण विरलही असू शकतं. चुन्याची निवळी संपृक्त असते, तरी तिच्यात चुना १०० मिलीला ०.२ ग्रॅमसुद्धा नसतो. तेवढ्याच पाण्यात मीठ ३६ ग्रॅम विरघळतं, साखर २०० ग्रॅमच्या आसपास. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्केच खारं, संपृक्त होण्यापासून खूप दूर, म्हणून मिठागरात ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवावं लागतं.

१७. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच दोन्ही विरल करून एकत्र वापरलं तर?

विरल केलं तरी नाही. दोघांतून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. एकाने धुतल्यावर भरपूर पाणी ओतून, वास गेल्यावरच दुसरं वापरा. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर हेही एकत्र नको. सुटं कडक ॲसिड मुळात घरात आणूच नये असं माझं मत. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच्या किरकोळ विक्रीला ओळखपत्र आणि नोंदवही लागते, १८ वर्षांखालच्यांना ते विकता येत नाही.

१८. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड लोखंडी टँकरमधून जातं. मग विरल ॲसिड लोखंड कसं खातं?

विरल केलं की सगळं सौम्य होतं, या समजाला हा ठळक अपवाद. ९८ टक्के ॲसिडमध्ये पाणी जवळपास नसतंच. लोखंडाशी थोडी क्रिया होते, पृष्ठभागावर फेरस सल्फेटचा थर बसतो आणि तो त्या ॲसिडमध्ये फारसा विरघळत नसल्याने आतलं पोलाद वाचतं. पाणी मिळालं की थर विरघळतो, आयन मोकळे होतात आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. रिकामी टाकी थोड्या पाण्याने विसळली तर तळाच्या ॲसिडचं नेमकं हेच होतं. त्यातून हायड्रोजन वायूही निघतो, म्हणून अशा टाकीला वेल्डिंग लावण्याआधी आतला वायू तपासतात.